शेवटी ‘लोल’ असलेली गोळी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीपीच्या गोळ्यांवर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी) असेल तर मनाने बंद करू नका. झालं, त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचं सदर त्यावरच करतेय. मी डॉक्टर नाही हं, फार्मासिस्ट आहे, २६ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे तुमचा डोस वाढवा की कमी करा हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. पण गोळी घरी गेल्यावर तिचं पुढे काय होतं, कोण अर्धी करतं, कोण उपासाला सोडतं, कोण शेजारणीला देतं, हे आम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं कारण आमच्यापाशी लोक खरं बोलतात.

वाचायच्या आधी स्ट्रिप हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा (चष्मा लावून, अंदाजाने नको). औषधाच्या नावाच्या शेवटी ‘लोल’ आहे का बघा. अटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, नेबिवोलोल, प्रोप्रॅनोलोल, कार्व्हेडिलोल, लॅबेटालोल, हे सगळं एकच खानदान. माझा भाचा चॅटवर ‘लोल’ टाकतो त्यावरून मला ही युक्ती सुचली आणि काउंटरवर ती लोकांच्या बरोबर लक्षात राहते. बऱ्याच जणांना आपण बीटा ब्लॉकर घेतोय हेच ठाऊक नसतं, कारण ती जोडगोळीत असते. ॲम्लोडिपिन आणि अटेनोलोल एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे भरपूर चालतात, ब्रँडच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘एटी’ लिहिलेलं असतं, आणि टेल्मिसार्टनबरोबर मेटोप्रोलोल असलेल्याही येतात.

प्रश्न : ताई, आमच्या ह्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मेटोप्रोलोल चालू आहे. मागच्या महिन्यात गावाकडे जत्रेला गेलो तेव्हा गोळ्या संपल्या, म्हटलं बीपी तर नॉर्मलच येतंय, चार दिवसांनी काय होतंय. तिसऱ्या दिवशी ह्यांना छातीत धडधड आणि घाबरल्यासारखं झालं. आम्हाला वाटलं जत्रेतलं मटण बाधलं. ते गोळीमुळे असेल का? (वाचक, कराड)

उत्तर : वहिनी, मटणाला उगाच बदनाम करू नका, गोळी बंद झाल्यानेच झालं असण्याची शक्यता बरीच आहे. कसं ते सांगते.

आपलं शरीर ॲड्रेनलिन नावाचं रसायन सोडतं, भीती वाटली, जिना चढलो, भांडण झालं की जास्त. हृदयावर त्यासाठी बेलची बटणं असतात असं समजा, ॲड्रेनलिनने बटण दाबलं की हृदय जोरात आणि भरभर चालतं. त्या बटणांना बीटा रिसेप्टर म्हणतात, आणि ही गोळी त्या बटणांवर चिकटपट्टी लावते. बेल कमी वाजते, हृदयाला कमी धावावं लागतं, त्याला कमी रक्तही पुरतं. म्हणजे अरुंद झालेल्या नळीतून जेवढं रक्त येतं त्यात भागतं.

आता गंमत अशी की महिनोन्महिने बेल ऐकू आली नाही की शरीर स्वस्थ बसत नाही, ते आणखी बटणं बसवतं. दहाच्या जागी पंधरा म्हणा. गोळी चालू आहे तोवर सगळ्यांवर पट्टी आहे, काही बिघडत नाही. पण एका झटक्यात गोळी थांबली की सगळ्या पट्ट्या निघतात आणि पंधराच्या पंधरा बेल एकदम वाजायला लागतात. नाडी वाढते, बीपी उसळतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळीत आधीच अडचण आहे त्याला छातीत दुखू शकतं, अगदी हार्ट ॲटॅकही येऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत यातल्या मेटोप्रोलोलसारख्या काही गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापतात की एकदम थांबवू नका, एक-दोन आठवड्यांत उतरवत आणा. आपल्याकडच्या स्ट्रिपवर त्यातलं काही नसतं, एक लाल रेघ आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका एवढंच. घेऊ नका लिहिलंय, सोडू नका लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा इथेच आहे.

आणि ‘बीपी नॉर्मल येतंय मग कशाला’ हे वाक्य तर मी रोज ऐकते. अहो ते गोळीमुळेच नॉर्मल येतंय ना! शिवाय अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला ही गोळी बऱ्याचदा बीपीसाठी दिलेलीच नसते, हृदयाला आराम म्हणून असते, त्यामुळे बीपीच्या मशीनकडे बघून तिचा निर्णय होतच नाही.

पुढच्या वेळी असं झालं तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एखादा डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्यायचा, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यायचा, पण दोन एकदम कधीच नाही. तीन-चार दिवस गेले असतील तर पूर्वीचाच डोस लगेच घ्यायचा का तेही विचारून घ्या, काही पेशंटना परत कमीपासून चढवत न्यावं लागतं. छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय तर फोनाफोनी करत बसू नका, १०८ बोलवा. आणि जत्रा असो, लग्न असो, आषाढीची वारी असो, जितके दिवस जाणार त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या, त्यातल्या निम्म्या तुमच्या पर्समध्ये आणि निम्म्या ह्यांच्या खिशात. बॅग हरवते, एसटीत राहते, पावसात भिजते. चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या म्हणजे कुठल्याही गावच्या मेडिकलमध्ये दाखवता येतो.

प्रश्न : वय ३४, मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलोल चालू केलंय. माझं स्मार्टवॉच आता रोज सकाळी ५४-५६ पल्स दाखवतं आणि लो हार्ट रेटचा अलर्ट देतं, जिममध्ये कितीही पळलो तरी १३० च्या वर जात नाही. ट्रेनर म्हणतो तू जोर लावत नाहीयेस. (वाचक, पिंपरी)

उत्तर : ट्रेनरला सांगा की गोळी जोर लावतेय. नाडी कमी होणं हे तर तिचं कामच आहे, त्यामुळे आराम करताना ५४-५६ आणि बाकी काही त्रास नाही तर घाबरू नका, पण तुमच्या डॉक्टरांना हा आकडा एकदा कळवा आणि ‘कितीच्या खाली गेलं तर फोन करू’ हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सर्वसाधारणपणे ५० च्या खाली राहायला लागली, किंवा आकडा काहीही असो पण चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, प्रचंड थकवा, दम लागणं यातलं काही असेल तर डोस घ्यायच्या आधी विचारायचं.

घड्याळ बाजूला ठेवून बोटांनी मोजायला शिका. पाच मिनिटं शांत बसायचं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची (अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते), ३० सेकंद मोजून दुप्पट, आणि ठोके वेडेवाकडे लागत असतील तर पूर्ण एक मिनिट. व्यायामात ‘२२० वजा वय’ हे गणित या गोळीवर असलेल्या माणसाला लागू पडत नाही. त्यापेक्षा पळताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी मेहनत पुरे. हात-पाय गार पडणं, पहिले काही आठवडे जडशीळ वाटणं, चित्रविचित्र स्वप्नं पडणं हे प्रोप्रॅनोलोलमध्ये होतं, कारण ती मेंदूतही बऱ्यापैकी शिरते. फार होत असेल तर सांगा, या खानदानात दुसऱ्या गोळ्या आहेत. पण ‘मायग्रेनचीच तर आहे’ म्हणून तुम्हीही ती एकदम सोडायची नाही.

प्रश्न : आईला १५ वर्षं शुगर आहे, इन्सुलिन घेते. आता बीपीसाठी मेटोप्रोलोल दिलीय. शेजारच्या काकू म्हणाल्या शुगरवाल्यांना ही गोळी चालत नाही. खरं का? (वाचक, लातूर)

उत्तर : काकूंनी अर्धं ऐकलंय. चालते, लाखो डायबेटिक पेशंट घेतात, पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. शुगर लो झाली की हात थरथरतात, छाती धडधडते, त्यावरून आईला कळत असेल की काहीतरी गोड खायला हवं. हे दोन्ही ॲड्रेनलिनचे खेळ आहेत आणि गोळी नेमके तेच दाबून टाकते. शुगर उतरते आणि घंटाच वाजत नाही. घाम मात्र सुटतो, तो या गोळीने दबत नाही. तेव्हा पंखा चालू असताना आईला दरदरून घाम आला, ती चिडचिड करायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर ‘वयामुळे होतंय’ म्हणू नका, आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन सापडतच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना.

आणि आता खरी भीती सांगते जी काकूंना सुचली नाही. मेटफॉर्मिन आणि मेटोप्रोलोल. दोन्ही ‘मेट’, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एकाच डब्यात. आमच्याकडे एक आजोबा दहा दिवस बीपीची गोळी दोनदा घेत होते आणि शुगरची घेतच नव्हते. कारण शोधलं तर स्ट्रिप अशी कापली गेली होती की नाव कचऱ्यात गेलं आणि उरलेल्या चार गोळ्यांमागे नुसता कंपनीचा पत्ता. कापणारी कात्री आमचीच होती, हे मी कबूल करते. तेव्हापासून मी अर्धी स्ट्रिप देताना नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जाईल अशीच कापते. तुम्हीही मागून घ्या, कुणी कटकट केली तरी. आईसाठी दोन वेगळे डबे करा, एकावर मोठं ‘शुगर’ लिहा, एकावर ‘हृदय’.

प्रश्न : बाबांना जुना दमा आहे, पंप घेतात. बीपीची कुठलीच ‘लोल’ गोळी त्यांना नाही, पण काचबिंदूसाठी टिमोलोलचे थेंब दिल्यापासून रात्री खोकला आणि घरघर वाढलीय. डोळ्यांच्या थेंबाचा आणि छातीचा काय संबंध? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : शाब्बास, नाव वाचलंत. टिमोलोल. तेसुद्धा त्याच खानदानातलं. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्यातच राहत नाही, नाकाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून खाली उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, एका थेंबाने दमा उसळू शकतो आणि नाडीही मंदावू शकते. आज-उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून ‘दमा आहे’ असं स्पष्ट सांगा, काचबिंदूला दुसरे थेंब आहेत, ते बदलून देतील. पण न विचारता नुसते बंद करून बसू नका, काचबिंदू दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. आणि घरघर जोरात असेल, पंपाने उतरत नसेल, तर फोनची वाट न बघता दवाखान्यात. आपण दोष कुणाला देणार, डोळ्यांच्या ओपीडीत दमा आहे का विचारलं नसेल आणि बाबांना तो सांगण्यासारखा वाटला नसेल.

बाकी दमेकऱ्यांसाठी, प्रोप्रॅनोलोल आणि कार्व्हेडिलोल या गोळ्या हृदयाच्या बटणांबरोबर फुप्फुसांच्या बटणांवरही पट्टी लावतात, श्वासनळ्या आवळतात आणि वर साल्ब्युटामॉलचा पंपही नीट लागू होत नाही. बिसोप्रोलोल, मेटोप्रोलोल, नेबिवोलोल या मुख्यतः हृदयावर काम करतात, गरजच असेल तर डॉक्टर त्या कमी डोसात लक्ष ठेवून देतात. पण ‘मुख्यतः’ म्हटलंय मी, ‘फक्त’ नाही. ज्यांना दमा नाही आणि टिमोलोल चालू आहे त्यांनीही थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरावा, औषध रक्तात कमी उतरतं.

प्रश्न : मुलगी एअर पिस्तूल शूटिंग करते, राज्य पातळीपर्यंत गेलीय. स्पर्धेत हात थरथरतो. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की प्रोप्रॅनोलोल १० घेतली की हात स्थिर राहतो, मुलाखतीला पण घेतात म्हणे. देऊ का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नाही, आणि मैत्रिणीच्या घरी पण कळवा. स्टेजच्या भीतीसाठी काही डॉक्टर ही गोळी देतात, वाजवणारे-गाणारे घेतात, ते खरं आहे, पण ते तपासून, दमा नाही, नाडी मंद नाही, बीपी लो नाही हे बघून. नेमबाजीत मात्र ती डोपिंग आहे. नेमबाजी आणि तिरंदाजी या दोन खेळांत बीटा ब्लॉकरला स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे, कारण ठोके मंदावले की दोन ठोक्यांच्या मधली उसंत लांबते आणि हात हलत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची रौप्य आणि कांस्य अशी दोन पदकं याच प्रोप्रॅनोलोलमुळे काढून घेतली होती. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, त्या गावांतली पोरं आता रेंजवर गर्दी करतायत, आणि गोळी घे म्हणणारी मैत्रीण प्रत्येक रेंजवर एक तरी असणार म्हणून जरा कडक लिहितेय.

प्रश्न : बायकोचा इको केला तर हृदयाचं पंपिंग ३० टक्के आलं. पंप कमजोर आहे म्हणतात आणि हृदय मंद करायची गोळी देतात! कार्व्हेडिलोल ३.१२५, इतकीशी. घेतल्यापासून आणखी गळून गेलीय. डॉक्टर बदलू का? (वाचक, नाशिक)

उत्तर : काका, तुमची शंका एकदम रास्त आहे, आणि गंमत म्हणजे एके काळी डॉक्टरांनाही असंच वाटायचं. हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर म्हणजे पाप असंच पुस्तकात होतं. मग १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी काही मोजक्या पेशंटना देऊन बघितलं आणि ते सुधारले. बाकीच्यांना पटायला पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली. १९९९ मध्ये बिसोप्रोलोल आणि मेटोप्रोलोल सक्सिनेटचे दोन मोठे अभ्यास आले, दोन्हींत गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होते, आणि पुस्तकं बदलली.

होतं असं की पंप कमजोर झाला की शरीर घाबरून ॲड्रेनलिन ओतत राहतं, थकलेल्या बैलाला आसूड मारत राहावं तसं. बैल चार पावलं पळतो आणि मग बसतो. गोळी तो आसूड अडवते. पण बैलाला आसुडाची सवय झालेली असते म्हणून सुरुवातीला गळाल्यासारखं होतं, आणि म्हणूनच डोस इतकासा. ३.१२५ दिवसातून दोनदा, सोसलं तर किमान दोन आठवड्यांनी दुप्पट, असं करत करत २५ पर्यंत नेतात. घाई करायची नाही आणि अर्ध्यावर सोडायचंही नाही.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वहिनींचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर लगेच कळवा, अंगात पाणी साठतंय. कार्व्हेडिलोल रिकाम्या पोटी द्यायची नाही, जेवणाबरोबर, नाहीतर उठल्यावर चक्कर येते. आणि पलंगावरून उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मिनिटभराने उभं राहायचं. डॉक्टर बदलायची गरज या पत्रावरून तरी मला दिसत नाही.

प्रश्न : नाव छापू नका. वय ४७, अटेनोलोल चालू झाल्यापासून ‘त्या’ बाबतीत जमत नाहीये. बंद करू का? मेडिकलमधून दुसरी गोळी आणली तर चालेल?

उत्तर : नाव माझ्याकडेही नाहीये, निश्चिंत राहा. काही पुरुषांना या गोळीने असं होतं, पण जितकं ऐकतो तितकं नाही. ज्यांना ‘असं होऊ शकतं’ हे आधी सांगितलं त्यांच्यात तक्रार कितीतरी जास्त आली असं एका अभ्यासात दिसलंय, आणि मुळात वाढलेलं बीपी, शुगर, सिगारेट यांनीही नेमकं हेच होतं. डॉक्टरांना लाज सोडून सांगा, नेबिवोलोलने हा त्रास कमी होतो किंवा बीपीसाठी दुसऱ्या खानदानातली गोळी बसवता येते. बंद करू का याचं उत्तर कराडच्या वहिनींना दिलंय तेच. आणि ती निळी गोळी गुपचूप आणू नका, छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी तुम्हाला चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी इतकं कोसळतं की जिवावर बेततं.

प्रश्न : मी बीपीसाठी मेटोप्रोलोलबरोबर सर्पगंधाच्या गोळ्यापण घेतो, आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही. बरोबर ना? (वाचक, सांगली)

उत्तर : नाही हो. सर्पगंधा साधंसुधं चूर्ण नाही, तिच्यात दमच आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने बीपी उतरतं हे लिहिलं आणि मग सगळ्या जगाने तिच्याकडे बघितलं, तिच्यातूनच रेसर्पिन नावाचं औषध निघालं. तेव्हा तुम्ही एकाच वेळी दोन बीपीच्या गोळ्या घेताय आणि दोन्ही नाडी मंद करतात. रेसर्पिनने मन उदास होतं ते वेगळंच. दोन्ही डॉक्टरांना, ॲलोपॅथी आणि वैद्य, दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

यावरून आठवलं, बाकीची भांडणंही सांगून टाकते. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम (याही बीपी-हृदयाच्याच गोळ्या) बरोबर असेल तर हृदयाचे ठोके धोकादायक मंदावू शकतात, दोन वेगळ्या डॉक्टरांनी एकेक लिहिली असेल तर दाखवून घ्या. गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन खाल्लं तर बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो. बीपी लागेना म्हणून डोस वाढवत नेला आणि शेवटी कळलं की सासूबाई रोज सुनेच्या कंबरदुखीच्या गोळ्या खात होत्या, हे आमच्या काउंटरवर घडलंय.

पटकन उरलेले. उपासाला गोळी चालते का असं सहा जणींनी विचारलंय, चालते, गोळीने उपास मोडत नाही, पण नुसत्या पाण्यावर असाल तर कार्व्हेडिलोलवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेलेत आणि अटेनोलोल चालू आहे असं एकीने विचारलंय, तिने या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावं, अटेनोलोलने बाळाची वाढ कमी राहू शकते, गरोदरपणात बहुतेक वेळा लॅबेटालोल देतात. दात काढायचाय, मोतीबिंदू आहे, हर्नियाचं ऑपरेशन आहे, तर गोळी आपण होऊन बंद करायची नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना मात्र आधी सांगायचं. आणि ‘हार्ट ॲटॅकनंतर ही गोळी जन्मभर का’ असं विचारणाऱ्या सोलापूरच्या सरांना, प्रश्न अगदी ताजा आहे. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासात ज्यांचं पंपिंग शाबूत होतं अशा पेशंटना ॲटॅकनंतर ही गोळी सुरू करून खास फायदा दिसला नाही, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या अभ्यासात चालू असलेली गोळी थांबवलेल्यांचं बीपी आणि नाडी वाढली, दवाखान्याच्या फेऱ्याही वाढल्या. म्हणजे तुमचा इको घेऊन डॉक्टरांशी बसून बोलण्यासारखा विषय आहे, स्वतःच्या मनाने नाही.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला असते. बाबा सहा महिने इकडे आलेत, पुण्याहून आणलेल्या गोळ्या संपत आल्या. चिठ्ठीवर ‘मेटोप्रोलोल एक्सएल ५०, दिवसातून एकदा’ आहे पण स्ट्रिपवर ४७.५ लिहिलंय, आणि इथे मैत्रिणीकडे मेटोप्रोलोल टार्ट्रेट ५० पडून आहे. ती दिली तर चालेल ना, नाव तर तेच आहे?

उत्तर : नाही चालणार. मेटोप्रोलोल दोन रूपांत येते. सक्सिनेट हळूहळू सुटते, दिवसातून एकदा, बाबांची ‘एक्सएल’ ती हीच. टार्ट्रेट लगेच सुटते आणि लवकर संपते, म्हणून बहुतेक वेळा दिवसातून दोनदा. मैत्रिणीची गोळी बाबांना सकाळी एकदाच दिली तर दुपारपर्यंत जास्त मंद आणि पहाटे उघडे. स्ट्रिपवरचं ४७.५ बघून कमी दिलीय असं वाटून घेऊ नका, सक्सिनेट ४७.५ म्हणजे टार्ट्रेट ५० च्या बरोबरीचं, ते त्याच ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २३.७५ ची २५ आणि ९५ ची १००. बाबांची गोळी मधल्या रेघेवर अर्धी करता येते का ते तिकडच्या फार्मासिस्टला दाखवून घ्या, पण कुटायची नाही, चावायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. तिकडे डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून संपायच्या तीन आठवडे आधी धावपळ सुरू करा, आणि जाताना सक्सिनेट हा शब्द कागदावर लिहून न्या.